हत्तीणीच्या अंडाशयाचा तुकडा उंदरात जगतो कसा?

रानवाटा: बीएस्सीला आहे. वाचलं की १९९८ मध्ये आफ्रिकन हत्तीणीच्या अंडाशयाचे फ्रीझ केलेले तुकडे उंदरात बसवले आणि त्यात बीजकोश (बीज ज्यात वाढतं त्या पिशव्या) वाढलेसुद्धा! उंदराचं शरीर ते फेकून कसं देत नाही?

सूक्ष्मदर्शी: साधे उंदीर नसतात ते. न्यूड (केस नसलेल्या) उंदराला थायमस, म्हणजे टी पेशी तयार करणारी ग्रंथी, नसते म्हणून परक्याशी लढणाऱ्या टी पेशी नाहीत, स्किड नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या उंदरांमध्ये टी आणि बी (अँटिबॉडी बनवणाऱ्या) पेशी दोन्ही नाहीत, मग परकं म्हणून हाकलणार कोण. तुकडा जेमतेम मिलिमीटरभर, बरेचदा किडनीच्या आवरणाखाली ठेवतात कारण तिथे रक्त भरपूर, पण नव्या रक्तवाहिन्या आत शिरेपर्यंत ऑक्सिजन मिळत नाही आणि पुष्कळ बीजकोश तेवढ्यात मरतात, खरं दुखणं तेच आहे.

रानवाटा: पण पिल्लू झालंय का कधी?

गुरांचा डॉक्टर: २००२ मध्ये उंदराचं अंडाशय रॅटमध्ये (उंदरापेक्षा मोठी, वेगळी जात) वाढवून त्या बीजांपासून उंदराची पिल्लं झाली. हत्तीचं नाही. तरी दुर्मिळ मादी मेली की तिच्यासोबत हजारो कच्ची बीजं मातीत जातात, मला तर ते बघवत नाही, निदान तुकडे जपून तरी ठेवावेत.

सूक्ष्मदर्शी: आणि ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशंटचं जपून ठेवलेलं अंडाशयाचं टिश्यू परत बसवण्याआधी त्यात कॅन्सरच्या पेशी लपल्यात का, हेही असंच उंदरात तपासून बघितलंय.