‘सिंग्युलॅरिटी’ला बायोशॉकची झेरॉक्स म्हणणाऱ्यांसाठी

लकडीपूल:
परवा इथं एकानं ठोकून दिलं की ‘सिंग्युलॅरिटी’ हा गेम म्हणजे बायोशॉक ह्या जुन्या गेमची झेरॉक्स, वर हाफ-लाइफ २ ची फोडणी. खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. डोकं सणकलं, म्हणून वेगळा धागा.

२०१० चा गेम, रेव्हन सॉफ्टवेअरचा. हेरेटिक आणि हेक्सन करणारी मंडळी ही, कालची पोरं नव्हेत. कटोर्गा-१२ ह्या सोव्हिएत बेटावर उतरलेला नायक रेंको अचानक १९५५ मध्ये फेकला जातो, आगीतून एका माणसाला बाहेर काढतो, परत येतो तर तोच माणूस, डेमिचेव, जगाच्या उरावर बसलेला. बायोशॉकमध्ये दुसऱ्यांनी केलेली नासधूस तुम्ही बघत फिरता. इथं नासधूस तुमच्या हातून झालेली असते, तीही चांगुलपणा करायला जाऊन. एवढा फरक दिसत नसेल तर चष्म्याचा नंबर तपासा.

आणि ते ‘पर्ल’ जहाज! तळाशी गेलेला सांगाडा वर काढायचा, टीएमडीनं, म्हणजे वस्तूचा काळ मागं-पुढं करणाऱ्या हातातल्या यंत्रानं, तात्पुरता नवा करायचा, आत शिरायचं. तुम्ही आत असतानाच ते पुन्हा सडायला लागतं. असा प्रसंग दुसऱ्या कुठल्या शूटर गेममध्ये आहे, सांगा.

नवीपेठ_नकोपेठ:
जहाज मान्य. बाकी बेटावर काय करतो आपण? शटर अर्धवट अडकलंय. चेपलेला क्रेट उचला, फटीत सारा, टीएमडीनं त्याला पूर्ववत करा, क्रेट उभा राहतो, शटर वर. पहिल्यांदा वा! वा! पुढच्या वेळी पुन्हा क्रेट, पुन्हा शटर. आणि शेजारीच तसाच मोडका जिना असतो, त्यावर टीएमडी चालत नाही, कारण डिझायनरनं त्याला परवानगी दिलेली नाही. ह्याला काळावर हुकूमत म्हणत नाहीत, ठरवून दिलेली बटणं दाबणं म्हणतात. २००७ चा टाइमशिफ्ट गेम बघा. काळ मंद करा, थांबवा, उलटा फिरवा, अख्खं जग ऐकतं.

लकडीपूल:
टाइमशिफ्टमध्ये एक कळ दाबली की मंद, थांबा की उलटा हे बहुतेक वेळा नायकाच्या अंगावरचा सूटच ठरवतो. हुकूमत सुटाची, तुम्ही हमाल. शिवाय कथा कोणाला आठवते? हात वर करा.

वाकड_ते_स्वारगेट:
तुम्ही दोघं भांडा. टायटनफॉल २ ह्या गेममधली ‘इफेक्ट अँड कॉज’ ही एक लेव्हल दोघांनाही पुरून उरते. मनगटावरची कळ दाबली की भूतकाळ, पुन्हा दाबली की वर्तमान, तेही हवेत उडी मारलेली असताना.

लकडीपूल:
अहो, एक लेव्हल! ती संपली की ते यंत्र गेलं.

वाकड_ते_स्वारगेट:
म्हणूनच कंटाळा आला नाही. क्रेटवाल्यांनी शिकावं.

बार्शीलाइट:
कथा-बिथा राहू द्या. ह्या गेमचा खरा गुन्हा कोणीच बोलत नाही. पीसीवर क्विकसेव्ह नाही, म्हणजे हवं तिथं खेळ जतन करता येत नाही! तो आपोआप जतन होतो तो चेकपॉइंट येईपर्यंत जीव मुठीत. मी तेव्हा गावी होतो. एकदा चेकपॉइंट अगदी जवळ आला आणि लाइट गेली. परत आली रात्री, तोवर आई म्हणाली, आता झोप. दुसऱ्या दिवशी तीच मारामारी, तीच राक्षसं, पहिल्यापासून.

नवीपेठ_नकोपेठ:
यूपीएस नावाची वस्तू मिळते.

बार्शीलाइट:
हे पेठेतलं उत्तर! आठ-आठ तास लाइट नसताना यूपीएस चार्ज कशावर करायचा, गोमूत्रावर? तुम्हाला भारनियमन काय ठाऊक. २००६ पासून तुमच्या पुण्यात लखलखाट, आणि ग्रामीण महाराष्ट्र अंधारात.

नवीपेठ_नकोपेठ:
लखलखाट फुकट नव्हता. शहरातल्या कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवले, तेवढी वीज शहराला सुटली, आणि त्यापायी बिलात जादा पैसे आम्ही मोजले. कुणाच्या ताटातलं ओढलं नाही.

बार्शीलाइट:
पैसे मोजले की अंधार दुसऱ्याकडं सरकवता येतो, एवढंच सिद्ध केलंत. माझी बारावी कंदिलावर झाली. तुमची झाली का?

वाकड_ते_स्वारगेट:
गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली आमच्याकडं अजूनही दुपारपर्यंत लाइट नसते. पाणीही त्याच दिवशी बंद. घरून काम करणाऱ्यानं करायचं काय?

बार्शीलाइट:
आठवड्यातून एक दुपार! फार सोसलंत. सत्कार ठेवू का?

रसायनकाका:
मुलांनो, विजेवरून एकमेकांचे गळे धरण्यापूर्वी एक लक्षात घ्या. ह्या गेममधल्या बेटावर ‘ई-९९’ नावाचं मूलद्रव्य सापडतं. ९९ क्रमांकाचं मूलद्रव्य खरोखर आहे, आइन्स्टाइनियम. १९५२ च्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीच्या अवशेषांत सापडलं. निसर्गात त्याच्या खाणी-बिणी नसतात, ते बनवावं लागतं. बेटावर ढिगानं सापडतं हे दाखवणाऱ्यांनी निदान क्रमांक तरी दुसरा घ्यायचा.

लकडीपूल:
काका, सैनिकाचं एका क्षणात हाडाचं भुस्कट होतं ते चाललं, आणि आवर्त सारणी खटकली?

रसायनकाका:
हो. मी छत्तीस मार्कांवर पोरांना नापास केलेलं नाही, पण ह्यांना केलं असतं.

अजून_डाउनलोड_होतोय:
अरे, डेमिचेवचं कशाला सांगितलंत?? सेलमध्ये घेऊन ठेवलाय, सुरूही केला नव्हता.

वाकड_ते_स्वारगेट:
स्टीम ह्या ऑनलाइन गेम-दुकानात रुपयांत भाव यायला लागले २०१५ ला. तेव्हापासून सेलमध्ये घेऊन ठेवणाऱ्यांची जमात माजलीय. खेळा की कधीतरी.

लकडीपूल:
ज्यांना वाचायचं नाही त्यांनी इथंच थांबा. शेवट तीन आहेत. बॅरिसोव ह्या शास्त्रज्ञाचं ऐकून भूतकाळ ‘दुरुस्त’ केलात, तर पुन्हा तेच हेलिकॉप्टर, तोच समुद्र, आणि बेटावरचा पुतळा आता बॅरिसोवचा. सोव्हिएत राजवट कायम. ज्याला सज्जन समजत होतो तोही गादीवर बसतोच. एका पुतळ्यात हे सांगणारे लोक झेरॉक्स काढत नाहीत.

नवीपेठ_नकोपेठ:
पुतळा चांगला आहे. सीकर बंदूकही चांगली, सुटलेली गोळी आपण कोपऱ्यावरून वळवत न्यायची, मजा येते. पण मग अशा बंदुका असताना एका वेळी दोनच बाळगायच्या, हा करंटेपणा कोणाच्या डोक्यातून आला? सीकर हातात घेतली की आवडती शॉटगन भिंतीवर टांगून जायचं.

लकडीपूल:
ह्याचं समर्थन मी करणार नाही. कन्सोलच्या कळांचा हिशेब असणार. पण ह्या एका मुद्द्यावर तुम्ही बरोबर निघालात म्हणून उड्या मारू नका.

बार्शीलाइट:
आणि क्विकसेव्ह?

लकडीपूल:
तेही नाही करणार.

बार्शीलाइट:
मग दोन मुद्दे झाले. ‘एका’ काय लिहिता.