मदत हवी आहे: थॅलेसेमिया, हृदयातल्या लोहाचे दोन एमआरआय रिपोर्ट जुळत नाहीत (सांगली-मिरज)

नमस्कार मंडळी,

माझ्या १५ वर्षांच्या पुतणीला थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. तिला नियमित रक्त चढवावं लागतं आणि साठणारं लोह बाहेर काढायला डिफेरासिरॉक्स चालू आहे. हृदयात लोह किती साठलंय ते बघायला डॉक्टर टी-टू-स्टार एमआरआय करायला सांगतात.

मागच्या वेळचा आकडा १९ मिलिसेकंद होता. या वेळी मिरजेत दुसऱ्या सेंटरवर केला, तर थेट ९! आकडा जेवढा लहान तेवढं लोह जास्त. २० च्या खाली म्हणजे साठायला लागलंय, आणि १० च्या खाली हार्ट फेल्युअरचा धोका फार वाढतो. घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेत. पोरगी ठणठणीत आहे, इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे, फेरिटिनही (शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) फारसं हललेलं नाही. पण त्यावर विसंबता येत नाही. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये ही तपासणी मांडली, तेव्हाच फेरिटिनवरून हृदयातलं लोह कळत नाही हे दाखवून दिलं होतं.

रिपोर्टवर मशीन किती टेस्लाचं, म्हणजे त्याचं चुंबक किती ताकदीचं, ते लिहिलेलंच नाही. फोन करून विचारलं तर ३ टेस्ला. आधीचं १.५ चं होतं. २० आणि १० या मर्यादा १.५ टेस्लाच्या आहेत. ३ टेस्लावर त्याच हृदयाचा आकडा साधारण निम्मा येतो. मग लोह वाढलंय की फक्त मशीन बदललंय?

शिवाय सीडी उघडून पाहिली तर चित्रावर आखलेला मोजणीचा घेर हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यावरून सरकून फुफ्फुसाकडच्या भिंतीपर्यंत गेलाय. तिथे शेजारच्या हवेमुळे आणि शिरांमुळे आकडा खोटा कमी येतो, म्हणून मोजायचं ते पडद्यावरच. काही चित्रांत हृदयाची कड दुहेरी दिसते, म्हणजे तिला श्वास पूर्ण वेळ रोखता आला नसावा. शेवटच्या चित्रांत सिग्नल जवळपास संपलाय, नुसती खरखर उरलीय. ती चित्रं हिशोबात धरली की वगळली, याचा रिपोर्टमध्ये उल्लेख नाही.

डॉक्टर जोडीला डिफेरिप्रोन हे लोह काढणारं दुसरं औषध सुरू करायचं म्हणताहेत. त्यात पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात, सारखं रक्त तपासावं लागतं. चुकीच्या आकड्यावर ते सुरू व्हायला नको, आणि आकडा खरा असेल तर एक दिवसही वाया जायला नको.

सांगली, मिरज, कराड, कोल्हापूर भागात १.५ टेस्लावर हृदयाचा टी-टू-स्टार नेहमी करणारं सेंटर कुणाला माहीत आहे का? जमल्यास त्याच बैठकीत दोनदा मोजून देणारं. दोन्ही सीडी एकाच रेडिओलॉजिस्टकडून, एकाच सॉफ्टवेअरवर पुन्हा मोजून घेतल्याचा कुणाचा अनुभव? इथे कुणी एमआरआय टेक्निशियन असतील तर श्वास रोखायचा सराव मुलांकडून आधी कसा करून घेता, तेही सांगा.

पुढचं रक्त चढवायच्या वेळी डॉक्टर औषधाचं ठरवणार आहेत, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.