सराईत कोण, हे ठरवायचं कुणी? न्यायाधीशांनी की ज्युरीने?

कायदाकट्टा: अमेरिकेत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने बंदूक बाळगली, तर अर्लिंगर नावाच्या अशाच एका आरोपीच्या वेळी कमाल शिक्षा १० वर्षे होती. पण आधीचे तीन हिंसक किंवा गंभीर अमली पदार्थांचे गुन्हे 'वेगवेगळ्या प्रसंगी' केलेले असतील, तर किमान १५. अर्लिंगरच्या इंडियानातल्या जुन्या घरफोड्या काही दिवसांच्या अंतरातल्या. प्रसंग एक की अनेक, हे न्यायाधीशांनी एकट्यानेच ठरवलं. २१ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं: हे ज्युरीने एकमताने आणि संशयातीत ठरवायचं. मला निकाल पूर्ण पटतो.

मुद्देसूद: मला नाही. १९९८ च्या अल्मेंडारेझ-टोरेस निकालापासून जुनी दोषसिद्धी न्यायाधीशच तपासतात, आणि तारीख त्याच कागदावर असते. ज्युरीला तीन घरफोड्या ऐकवल्यावर बंदुकीच्या आरोपावर ती तटस्थ राहील? न्या. कॅव्हानॉ यांनी विरोधी मतात हाच धोका दाखवला.

जुनी_फाईल: त्या तारखेवरच माझा विश्वास नाही. आरोपपत्रात 'अमुक तारखेच्या सुमारास' लिहिलेलं असतं. घरफोडी ३ तारखेची की ५ ची, याने तेव्हा शिक्षेत फरक पडत नव्हता, म्हणून कुणी ती खोडून काढली नाही. वीस वर्षांनी त्याच नोंदीवर माणूस पाच वर्षं जादा आत! शिवाय २०२२ चा वुडन निकाल बघा. एकाच इमारतीतले १० गाळे, एका संध्याकाळी मधल्या भिंती फोडत लुटलेले. दोषसिद्धी दहा, प्रसंग एकच. वेळ, अंतर, गुन्ह्यांचा आपसातला संबंध हे सगळं जोखावं लागतं. ते निव्वळ कागदावरून होत नाही.

पूर्वग्रहावर उपाय आहे: खटला दोन टप्प्यांत चालवा. आपल्याकडे ज्युरी गेली, तरी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३६ मध्ये हीच काळजी होती. आरोपी दोषी ठरेपर्यंत जुन्या शिक्षेचा उल्लेखही करायचा नाही.

मुद्देसूद: पण आरोपी आधी दोषी ठरलेला आहे, हे बंदुकीच्या आरोपातूनच ज्युरीला कळतं. ते कसं झाकणार? आणि १९९१ च्या घरफोडीचा साक्षीदार आज आणायचा कुठून?

कायदाकट्टा: आरोपीने 'मी पूर्वी दोषी ठरलोय' एवढं मान्य केलं, की १९९७ च्या ओल्ड चीफ निकालानुसार त्या गुन्ह्याचं नाव ज्युरीपुढे येत नाही. साक्षीदार नसेल तर १५ चा आग्रह सरकारने सोडावा. कबुलीजबाब देणाऱ्यांच्या वकिलांनी मात्र जपावं: बंदूक कबूल करताना 'प्रसंग वेगळे' हे ओघात कबूल होऊ देऊ नये, आणि हरकत खालच्या कोर्टातच नोंदवावी. ती राहून गेली, तर अपिलात चूक दिसूनही शिक्षा कायम राहू शकते.