सरकारी माणसाला युनियन पाहिजे काय? आणि मानधनवाल्यांचं काय?

सीमेवरचा_गडी
मंडळी एक विचारायचं होतं. बायको इथं कर्नाटकात अंगणवाडीत आहे, तालुक्याचं नाव नको. परवा मीटिंगमध्ये वरच्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की संघटनेची पावती फाडायची नाही, मोर्चाला कोण गेली तर मानधन कापणार, तुम्ही सरकारची माणसं, सरकारविरुद्ध कसं जाता. आणि हेच लोक पगारवाढीचं काढलं की म्हणतात तुम्ही सरकारी नोकर कुठं, तुम्ही मानधनावर सेवा करताय. मग नक्की काय समजायचं ओ? घरात आणि वेगळंच चाललंय. आमचे बाबा म्हणतात सरकारी माणसाला युनियनच देऊ नये, २०२१ च्या एप्रिलात बस दोन आठवडे बंद होत्या तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलंय ते, वडापवाल्यांनी, म्हणजे खाजगी जीपवाल्यांनी, काय भाडं घेतलं ते अजून सांगतात. मला दोन्ही थोडं थोडं पटतंय, म्हणून विचारतोय. कायद्यानं चालतं काय आणि चालावं काय, दोन्ही सांगा.

कॅम्पातला_कारकून
रिटायर आहे, सरकारी नोकरीत आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो. संघटना करणं आणि संप करणं या दोन गोष्टी आहेत आणि सगळा घोळ त्या एकत्र केल्यामुळं होतो. संघटना करायचा हक्क घटनेतच आहे, कलम १९, सरकारी नोकरालाही आहे, फक्त लष्कर-पोलिसांवर वेगळी बंधनं. १९६२ ला ओ. के. घोष विरुद्ध जोसेफ म्हणून केस झाली, मुंबईच्या अकाउंटंट जनरल ऑफिसातली. नियम असा होता की सरकारनं मान्यता दिली नाही अशा संघटनेत नोकरानं राहायचंच नाही. सुप्रीम कोर्टानं तो नियम उडवला. म्हणजे पावती फाडली म्हणून कारवाई, हे तेव्हाच निकालात निघालंय. संपाचं उलट आहे. २००३ ला तामिळनाडू सरकारनं संपावरचे दीड लाखाच्या वर लोक एका फटक्यात काढले, आणि कोर्ट म्हणालं सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायद्यानं नाही आणि नैतिकही नाही. ते 'नैतिक'वालं मला आजपण पटत नाही, पण निकाल तो आहे.

आता वहिनींचं. त्या बाई जे दोन तोंडांनी बोलतात त्यातलं एक तोंड खरं आहे. २००६ ला आपल्याच राज्याची केस होती, कर्नाटक सरकार विरुद्ध अमीरबी, त्यात कोर्टानं म्हटलं अंगणवाडी सेविकेचं पद हे सरकारी पद नव्हे. मग सरकारी नोकराची शिस्त तेवढी कशी काय लागू करताय? पुढं २०२२ ला गुजरातच्या केसमध्ये ग्रॅच्युइटी द्या म्हणून निकाल आला, तोपण सेविकांनीच कोर्टात भांडून मिळवलाय, कुणी घरी आणून दिला नाही.

वडगावचा_माग
कारकून काका, तुमचं कायद्याचं बरोबर असेल, पण तुमच्या पर्मनंट लोकांच्या युनियननं लोकांचं काय भलं केलं ते पण सांगा की. १ मार्च २०२३ ला राज्यभर ऑफिसं बंद केली, इलेक्शन तोंडावर होती, त्याच दिवशी सरकारनं १७ टक्के अंतरिम वाढ दिली आणि हे संध्याकाळी घरात. आमच्याकडं विणकामात साडीमागं मजुरी आहे, सण झाला की माल उठत नाही, माग बंद, मजुरी बंद. मी चार मागांचा मालक, मालक म्हणजे काय तर मीपण पहाटे उठून त्याच मागावर उभा असतो, कांडी भरायला घरातली बाई. माझ्याविरुद्ध युनियन काढून कामगाराला काय मिळणार? ज्याला महिन्याच्या एक तारखेला पगार आहे त्यानं आणखी दाब टाकायचा आणि पैसा आमच्या टॅक्सातनं जायचा, हे मला नाही पटत. शाळेत मास्तर येत नाही तरी संघटनेमुळं हात लावता येत नाही, हे काय खोटं आहे काय.

डेपोतला_दोस्त
माग भाऊ, बसवाल्यांना त्यात धरू नका. आम्ही सरकारी नोकर नव्हेच, महामंडळाचे कामगार. २०२१ चा संप कशासाठी होता तर सहावा वेतन आयोग लावा, सरकारी लोकांएवढा पगार द्या. मिळालं काय? कोर्टानं कामावर जा म्हटलं, बऱ्याच जणांवर कारवाई झाली आणि गाड्या सुरू. २०२५ च्या ऑगस्टात ३८ महिन्यांची थकबाकी मागायला पुन्हा बंद, पुन्हा कोर्ट, एका दिवसात मागं. युनियन असून ही गत, नसती तर काय झालं असतं बघा. आणि वडापवाल्यानं जास्त घेतलं तर ते पण आमच्याच खात्यावर काय ओ?

निपाणीची_लेक
माझी आज्जी तंबाखूच्या वखारीत होती. त्या बायका दिवसभर चाळण मारायच्या, धुरळा एवढा की समोरची दिसत नाही, तोंडाला पदर बांधलेला, घरी आली की पहिलं गूळ खायची, घशात अडकलेलं खाली जातंय म्हणून. हजेरी मुकादमाच्या मर्जीवर, उलटं बोललं की उद्या येऊ नको. १९८१ चं निपाणीचं रास्ता रोको सगळ्यांना माहीत आहे, शरद जोशी, हायवे, ६ एप्रिलचा गोळीबार. ते शेतकऱ्यांचं. पण वखारीतल्या बायकांची संघटना सुभाष जोशी सरांनी बांधली त्याबद्दल बाहेर कोण फारसं बोलत नाही. आज्जी म्हणायची मजुरी वाढली ते नंतर, पहिलं काय झालं तर मुकादम नावानं हाक मारायला लागला.

माग दादा, राग मानू नका, पण डिसेंबरात विधानसभेच्या अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्णसौधला कोंडसकोप्पजवळ आंदोलनाचे मंडप पडतात तिथं विणकरपण येतात की, विजेचं बिल, सबसिडी, कर्जमाफी. तिकडं आशा वर्कर, इकडं अंगणवाडी, मधे पोलीस, मंत्री कधी येऊन निवेदन घेणार म्हणून उन्हात बसलेले सगळे. तुम्ही करता त्याला संघ म्हणायचं आणि ताईंनी केलं की दाब, हे कसं?

वडगावचा_माग
आम्ही सरकारकडं मागतो, काम बंद पाडून लोकांना अडवत नाही. फरक आहे. पण अंगणवाडीच्या बायकांना पाहिजे युनियन, ते मी नाही म्हणत नाही. त्यांना मिळतंय किती. माझं म्हणणं पर्मनंटवाल्यांबद्दल आहे.

कॅम्पातला_कारकून
हे अर्धं मान्य. आमच्या संघटनेत माझ्या सगळ्या नोकरीत कंत्राटी माणसाचा विषय कधी अजेंड्यावर आला नाही. गटार साफ करणारा ठेकेदाराकडं, ड्रायव्हर ठेकेदाराकडं, डेटा एंट्रीचं पोरगं ठेकेदाराकडं, आणि आम्ही डीएच्या हिशोबात. ज्याला कुणी उद्या येऊ नको म्हणू शकत नाही त्याची युनियन तगडी आणि ज्याला म्हणू शकतो तो एकटा. म्हणून सरकारी माणसाची युनियन बंद करा म्हणणाऱ्यांना मी म्हणतो बंद कशाला करताय, दार उघडून त्या पोराला आत घ्या.

सीमेवरचा_गडी
थँक्यू सगळ्यांना, बाबांना वाचून दाखवलं, डेपोवाल्यांचं ऐकून गप्प बसले. अजून एक अडचण. संघटनेची निवेदनं सगळी कन्नडात येतात, बायकोला बोलता येतंय पण वाचायला जड जातंय, तिच्यासारख्या मराठी शाळेतल्या बऱ्याच जणी नुसती सही करून देतात. पावती घेऊ दे काय?

निपाणीची_लेक
घेऊ दे. पण पावतीवर रजिस्टर नंबर आहे काय ते बघायचं, नंबर नसला तर पैसे द्यायचे नाहीत. आणि एकटीनं नको, सर्कलमधल्या चार-पाच जणींनी एकाच दिवशी फाडा, म्हणजे एकीलाच कोण धरत नाही. निवेदनाचं म्हणाल तर मीटिंगला उभं राहून सांगायचं, आधी मराठीत वाचून दाखवा मग सही. कन्नड येणारी एखादी असतेच की प्रत्येक सर्कलला, तिलाच वाचायला लावा.

कॅम्पातला_कारकून
आणि मानधन कापणार म्हणालेत ते लेखी मागा. बघा देतात काय.