आउटबोर्डमधून ४०० एचपी? रेकॉर्डवाल्या बोटींची इंजिनं नेमकी बनवतात कशी

मालवणी_ओबीएम
मंडळी, मालवणजवळ आमचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे, मच्छीमारांची आणि वॉटर स्पोर्ट्सवाल्यांची इंजिनं येतात, ९.९ पासून ४० एचपीपर्यंत, क्वचित एखादं मोठं. परवा वाचनात आलं की अमेरिकेत बॉब वार्टिंगरने १९८९ साली अ‍ॅरिझोनात पार्करला आउटबोर्ड बोट ताशी १७६.५५६ मैलांनी पळवली, म्हणजे २८४ किमी!! आणि एफ१ म्हणजे फॉर्म्युला वन शर्यतीतल्या पॉवरबोटीचं मर्क्युरी इंजिन फक्त अडीच लिटरचं व्ही-६ टू-स्ट्रोक आणि ताकद ४०० एचपी. त्याच अडीच लिटरचं साधं इंजिन लोक २०० एचपीचं म्हणून विकत घ्यायचे. मग वरचे २०० येतात कुठून? टर्बो वगैरे काही नाही म्हणे. आमच्याकडे ४० एचपीचं दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक पडून आहे, मुलगा मागे लागलाय की पोर्टिंग (सिलिंडरची हवा-धुराची भोकं, म्हणजे पोर्ट, घासून मोठी करणं) करून बघू. जाणकारांनी जरा सांगा.

कोल्हापूरचा_टूस्ट्रोक
भावा, ४०० ऐकून दचकू नको, आधी हिशोब बघ. आपली यामाहाची आरएक्स १०० बाईक घे, ९८ सीसीत ११ एचपी, म्हणजे लिटरला ११२ झाले. तेवढ्याच तयारीचं अडीच लिटर केलंस तर २८० एचपी कंपनी फिटिंगमध्येच. आणि आरएक्सची ताकद ७५०० आरपीएमला येते, एफ१ची बोट १० हजारापर्यंत फिरते. २८० ला त्या प्रमाणात वाढव, ३७३ आले! बाकीचे २५-३० पोर्ट, हेड आणि एक्झॉस्टमधून काढतात. यात जादू कसलीच नाही. उलट साधं आउटबोर्ड साडेपाच हजाराला मुद्दाम दाबून ठेवलेलं असतं, कारण ते समुद्रात वर्षानुवर्षं चालायचं असतं.

आता खरी मेख. आरपीएम साडेपाचवरून दहावर नेलं की पिस्टन-रॉडवर येणारा जोर दुप्पट होत नाही, वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वातीन पटीच्या पुढं. म्हणून रॉड वेगळे, बेअरिंगचे केज वेगळे, क्रँक पुन्हा बॅलन्स केलेला, हवा आत घेणाऱ्या रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्या बदललेल्या. एक्झॉस्ट पोर्ट वर उचलला की वरची ताकद येते पण खालची जाते. रेकॉर्डवाल्याला खालची लागतच नाही, तुझ्या गिऱ्हाईकाला तीच लागते, जाळं आणि चार माणसं घेऊन होडी पाण्यावर उचलायची असते त्याला.

व्ही-६ चं अजून एक लई भारी गणित आहे. एका बाजूला तीन सिलिंडर, १२० अंशांवर फुटणारे आणि एकाच पोकळीत धूर सोडणारे. पहिल्याचा पोर्ट मिटत आला की ताजा चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) बाहेर पळायला लागतो, नेमकं तेव्हाच दुसऱ्याचा पोर्ट उघडतो आणि त्याचा दाब तो चार्ज परत आत ढकलतो. प्रत्येकाला वेगळा लांबलचक एक्सपान्शन चेंबर (धुराची फुगीर नळी) द्यायची गरजच राहत नाही. तुझ्या दोन सिलिंडरला हा फायदा नाही, तिथं नुसतं पोर्टिंग केलंस तर आवाज वाढेल आणि पेट्रोल वाढेल.

सिएटलकर
वरचं सगळं पटलं, पण एचपी हा या खेळातला सोपा भाग आहे असं माझं मत. मी राहतो तिथल्याच लेक वॉशिंग्टनवर १९५८ मध्ये ह्यू एंट्रॉपने मर्क्युरीच्या सहा सिलिंडरवर ताशी १०७.८२१ मैलांचा रेकॉर्ड केला होता, इंजिन एक लिटरच्या आतलं. पुढे १९६० मध्ये त्यानेच एव्हिनरूडचं व्ही-४ लावून १२२.९७९ केले. तिथून वार्टिंगरच्या १७६ पर्यंत यायला २९ वर्षं लागली. वेग वाढला साधारण ४४ टक्के, पण हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे तीच बोट असती तर जवळपास तिप्पट एचपी लागले असते. म्हणून निम्मी लढाई बोट आणि लोअर युनिटची (इंजिनाचा पाण्यातला खालचा भाग, गिअर आणि पंख्याचा) आहे, आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात.

लोअर युनिटचं बघा. साध्या इंजिनाचं खालचं टोक बोथट असतं, ताशी १३०-१४० किमीच्या आसपास त्याच्या बाजूने पाणी सुटून वाफेचे बुडबुडे पंख्यावर जातात, पकड सुटते आणि बोट एका बाजूला ओढली जाते. ब्लोआउट म्हणतात त्याला. ताकद दुप्पट केली तरी हा आकडा फारसा हलत नाही! उपाय म्हणजे पुढे टोकदार नोज कोन, आणि कूलिंगचं पाणी घ्यायची भोकं त्या टोकावर खाली. कारण इंजिन इतकं वर उचललेलं असतं की पंख्याचा शाफ्ट बोटीच्या तळाच्या पातळीला येतो, नेहमीची भोकं हवेतच राहतात, इंजिन कोरडं पडून मिनिटात जाम.

पंखा अर्धा पाण्यात अर्धा हवेत फिरतो, त्याला क्लीव्हर म्हणतात, मागची कड सरळ कापलेली. समजा १० हजार आरपीएम, गिअर एकास एक आणि पिच (एका फेरीत पंखा जेवढा पुढे जायला हवा ते अंतर) २० इंच, तर स्लिप (पाण्यात निसटून कमी पडणारं अंतर) धरली नाही तर ३०५ किमी येतात. सात टक्के स्लिप धरा, २८३. बघा, रेकॉर्डच्या आकड्याशी येऊन ठेपलो. म्हणजे पिच प्रचंड लागते असं नाही, तेवढ्या आरपीएमला तो पंखा फिरवत ठेवायची ताकद लागते. आणि अर्धा पंखा हवेत असल्याने दर फेरीला प्रत्येक पातं पाण्यावर आपटतं, ते सगळे धक्के एवढ्याशा गिअरच्या दातांवर. गिअर मोठा करता येत नाही, कारण मग टॉर्पेडो (गिअर बसवलेला पाण्यातला गोल भाग) जाड होतो आणि पाणी अडवतो.

पुण्याचा_नुसता_वाचक
मी २०१८ ला विजयवाड्याला कृष्णेवर एफ१ बोटी बघितल्यात. आवाजाने कान बसले. रेकॉर्ड एकदाच सुसाट जाऊन होतो का? वारा पाठीमागून असला तर काय, आपलीच मजा?

सिएटलकर
नाही हो, दोन्ही दिशांनी पळायचं आणि सरासरी धरायची, म्हणून वारा-प्रवाह वजा होतो. २८४ च्या वेगात एक किलोमीटर पौणेतेरा सेकंदात संपतो. म्हणजे मोजणीचा वेळ इतका कमी की इंजिन फार टिकवायचं नसतं, म्हणूनच एवढं ताणता येतं. एकदम आरशासारखं पाणीही नको असतं, बारीक लहर असली की तळ सुटायला मदत होते. जास्त सुटला तर मात्र बोटीच्या तळाखालच्या बोगद्यातली हवा पुढचं टोक उचलते आणि बोट उलटी, त्यामुळे इंजिनवाला आणि बोटवाला दोघांनी एकत्र बसून ठरवायचं असतं.

मालवणी_ओबीएम
बापरे, धन्यवाद दोघांनाही. एक शंका, जुने रेसवाले मिथेनॉल का वापरायचे? आणि त्यात एरंडेल तेल घालतात हे खरं का?

कोल्हापूरचा_टूस्ट्रोक
शंभर टक्के खरं. मिथेनॉलमध्ये साधं मिनरल टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल नीट मिसळत नाही, एरंडेल मिसळतं आणि तापल्यावरही थर धरून राहतं. त्याचा वास एकदा नाकात गेला की सुटत नाही. फायदा काय तर पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला ६.४ च, म्हणजे इंधन दुपटीच्या वर घालावं लागतं आणि बाष्प होताना ते आतली हवा थंड करतं, दाट चार्ज, कॉम्प्रेशनही जास्त चालतं. तोटा असा की जेट, पंप सगळं मोठं हवं, आणि पळून झालं की पेट्रोलने धुवून काढायचं नाहीतर अ‍ॅल्युमिनियम खातं ते. खाऱ्या हवेत तर विचारूच नको.

अजून एक, फुल रेस करून एकदम थ्रॉटल सोडू नको म्हणावं पोराला. टूटीत तेल इंधनाबरोबरच जातं, थ्रॉटल मिटला की फिरणं जोरात पण तेल बंद, सगळ्यात जास्त इंजिनं सीझ (पिस्टन जाम) तिथंच होतात.

सिएटलकर
आणि पोराला पोर्टिंगआधी एक फुकटचं काम द्या. त्या ४० एचपीला ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या फळीवर) भोकाभोकाने थोडं थोडं वर घ्यायचं, दर वेळी जीपीएसवर वेग आणि टॅकोवर आरपीएम लिहायचं, कूलिंगच्या पाण्याची धार बघत. धार बारीक झाली की एक भोक परत खाली. पोर्टला हात न लावता वेग वाढलेला दिसेल. आकडे इथेच टाका, आणि पंख्यावर कोरलेला पिच कळवा, मग स्लिप काढून बघू.