‘केकेदेम’ म्हणजे पूर्वीसारखे की पूर्वेसारखे?

‘हाशिवेनू अदोनाय एलेखा वेनाशूवा, हादेश यामेनू केकेदेम.’ हिब्रू बायबलातल्या ‘विलापगीत’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातलं हे २१वं वचन. ‘केदेम’चे दोन अर्थ सापडले: पूर्व दिशा आणि प्राचीन काळ. इथे कोणता धरायचा?

—

काळाचा. पण शब्द एकच आहे आणि मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागू नये, कारण आपला ‘पूर्व’ही असाच दोन्हीकडचा. हिब्रूत दिशा ठरते ती उगवतीकडे तोंड करून. समोर केदेम. उजवा हात यामीन, तीच दक्षिण. पाठीमागे आहोर, म्हणजे पश्चिम. संस्कृतातही ‘दक्षिण’ म्हणजे उजवा आणि ‘पश्चिम’ म्हणजे मागचा! तेव्हा ‘के-केदेम’ला ‘पूर्ववत’ इतका चपखल शब्द दुसऱ्या भाषेत शोधूनही मिळणं कठीण. ‘आमचे दिवस पूर्ववत नवे कर.’

ख्रि. पू. ५८६मध्ये बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) राजा नबुखद्नेस्सराच्या सैन्याने यरुशलेमचं ज्यूंचं मंदिर जाळलं, लोकांना धरून नेलं. त्या उद्ध्वस्तपणातून आलेलं हे मागणं आहे.

खरी अडचण पहिल्या शब्दाची. ‘शूव’ म्हणजे परतणं. ‘हाशिवेनू’ हे त्याचं प्रयोजक रूप. सरळ ‘आम्हांला परतव’ म्हणावं, तर मराठीत हल्ला परतवतात. ‘वळव’ बरा वाटतो, शिवाय याच धातूपासून ‘तेशुवा’, म्हणजे पश्चात्ताप, आलाय. पण ‘वळव’मध्ये घरची वाट हरवते. मी ‘आम्हांला तुझ्याकडे परत आण, म्हणजे आम्ही परतू’ असं करीन. हिब्रूत एकच धातू दोनदा वाजतो, तो नाद तरी राहतो. आणि ‘एलेखा’ सोडू नका: हद्दपार माणसं गावाचं नाव घेत नाहीत, ‘तुझ्याकडे’ म्हणतात.

—

एक भर घालते. ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला ज्यू लोक उपास करून, जमिनीवर बसून हे विलापगीत वाचतात. शेवटचं, २२वं वचन देवाच्या कोपाचं. त्यावर थांबायचं नाही म्हणून २१वं पुन्हा म्हणतात. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत, वालाच्या बिरड्यावरून. त्यांच्या घरांत ‘केकेदेम’चा अर्थ मराठीत कसा सांगत, हे कुणी आजीच्या तोंडून ऐकलं असेल तर जरूर लिहा.