कुरणात चरणाऱ्या गुरांचे मांस पर्यावरणाला कमी घातक असते का?

प्रश्न : गोमांसाच्या उत्पादनातून हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात, परंतु गुरे कुरणात चरणारी असतील तर हा दोष उरत नाही, असे सांगितले जाते. ते कितपत खरे आहे?

उत्तर १ : ते पूर्ण खरे नाही. चारा पचवताना गुरांच्या पोटातील सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता अडवतो. धान्यावर पोसलेल्या जनावरापेक्षा चरणारे जनावर सावकाश वाढते, म्हणून दर किलो मांसामागे सहसा अधिक मिथेन सोडते.

उत्तर २ : कुरणाच्या मातीत कार्बन साठतो, हे मान्य, मात्र काही दशकांत ती साठवण थांबते, मिथेन सुरूच राहतो. जंगल तोडून केलेले कुरण तर मला अक्षम्यच वाटते.

उत्तर ३ : मिथेन हवेत सुमारे १२ वर्षेच टिकतो, त्यामुळे कळप घटवल्यास परिणाम लवकर दिसेल.